हातात सोबती असताना

"मानवजातीच्या इतिहासाचे आता दोनच भाग पडतील," कंपनीचे अध्यक्ष व्यासपीठावरून म्हणाले, "सोबतीच्या आधीचा आणि सोबतीच्या नंतरचा." आणि त्यांनी नवा फोन डोक्यावर उंच धरला.

सभागृहात टाळी पडली नाही. तिसऱ्या रांगेत एकाने जांभई दिली, ती पसरत मागच्या भिंतीपर्यंत गेली. अध्यक्षांनी हातातल्या फोनकडे पाहिले आणि माइक बंद न करता शेजारच्या सचिवाला विचारले, "हे मी मघाशी बोललोय का?"

बोलले नव्हते. पण सचिवाला तसे छातीठोकपणे सांगता येईना. त्याच्याही हातात सोबती होता.

मुकुंद आंबर्डेकर पहिल्या रांगेत बसले होते. नवा फोन निघाला की त्यावर 'पहिली भेट' हे सदर लिहायचे, यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते. दारातच प्रत्येक पाहुण्याला त्याचाच नंबर जोडलेला एकेक सोबती मिळाला होता, आणि गुणांत तो कुठे कमी नव्हता. कॅमेरे इतके, की त्यांतला एक खास स्वतःचे टक्कल मागून पाहण्यासाठी. घडी घातली तर पाकिटाएवढा, उलगडला तर परातीएवढा. कोथिंबीर कालची की आजची ते सांगणारा गंधमापक. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला तर तो काय म्हणतो ते मराठीत, तेही जरा सौम्य करून. एरवी असे काही हातात आले की आंबर्डेकरांच्या पोटात जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे व्हायचे. त्या पोटावरच त्यांचे सदर चालत असे. आज पोट गप्प होते. बोटे आपणहून हव्या त्या जागी जात होती, जणू हा फोन वर्षानुवर्षे त्यांच्याच उशाशी होता.

वय झाले, असे स्वतःशी म्हणत ते समोशांच्या टेबलाकडे गेले. तिथे डॉ. मृदुला खरवंडीकर उभ्या होत्या. सोबतीमागचे मेंदूविज्ञान त्यांचे.

"डॉक्टर, फोन उत्तम आहे. फक्त मला काही वाटत नाहीये."

"तेच तर त्याचं वैशिष्ट्य," डॉक्टर म्हणाल्या. "असं बघा, आठवण वेगळी आणि ओळख वेगळी. रस्त्यात एखादा माणूस दिसतो. नाव आठवत नाही, गाव आठवत नाही, पण याला पाहिलंय हे नक्की वाटतं. ते 'नक्की' म्हणणारा पेशींचा एक पुंजका मेंदूत असतो. सोबतीच्या पाठीत परिचय-स्पंदक बसवलाय. तो तळहातातल्या नसेवाटे त्या पुंजक्याला डिवचत राहतो. त्यामुळे नवा फोन पहिल्या क्षणापासून जुना वाटतो. तुमच्या वयाच्या लोकांना शिकत बसावं लागत नाही."

"माझ्या वयाच्या लोकांकडून आभार. पण त्या पुंजक्याला कसं कळतं, की फोनच तेवढा ओळखीचा वाटायला हवा आणि समोरचा खांब नको?"

डॉक्टरांचा समोसा चटणीपाशी थांबला. "नाही कळत."

"म्हणजे फोन हातात असताना जे पहिल्यांदा दिसेल, ऐकू येईल..."

"ते आधी पाहिल्या-ऐकल्यासारखं वाटणार. बरोबर आहे."

"आणि फोन ठेवून दिल्यावर?"

"स्पंदन थांबतं. पण पाहून झालं ते झालं. एखादी गोष्ट पहिल्यांदा पाहणं एकदाच होतं, आंबर्डेकर. पुंजका तिला जुनी ठरवून मोकळा होतो. परत नवी करता येत नाही."

"चाचण्यांत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"खूप जणांच्या आलं असणार. पण चाचणी फोन हातात धरूनच करतात. ज्याच्या लक्षात आलं त्याला वाटलं, हे तर जुनंच आहे, केव्हाच कुणीतरी कळवलं असेल." त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. तिथे सोबती होता. "मलाही आत्ताच कळतंय. आणि धक्का बसायला हवा तो बसत नाहीये."

तेवढ्यात आंबर्डेकरांच्या हातातला फोन थरथरला. त्यांनी सवयीने पाहिले. पत्नीचा, शालनचा, नाशिकहून निरोप होता: केतकीला मुलगी झाली. दोघी छान आहेत. व्हिडिओ कॉल लावते, नात बघा.

लेकीने आणि जावई निषादने दोन वेळा आशा धरली होती आणि दोन वेळा ती रुग्णालयातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. या निरोपाची वाट आंबर्डेकर ज्या तऱ्हेने पाहत होते ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. तो निरोप आता त्यांनी वाचला आणि तो रद्दीच्या पेपरातल्या बातमीसारखा डोळ्यांपुढून सरकला. कुणाला तरी मुलगी झाली होती. बरे झाले.

फोन वाजू लागला. त्यांनी तो समोशांच्या ताटात पालथा ठेवला.

"उचला की," डॉक्टर म्हणाल्या.

"नको. बातमी गेली. चेहरा अजून शिल्लक आहे."

त्या संध्याकाळी सोबतीची विक्री सुरू झाली आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. आंबर्डेकरांनी कचेरीतल्या जुन्या संगणकावर सगळे जसेच्या तसे लिहून दिले, शालनला कचेरीतूनच फोन करून "फोटोबिटो काही पाठवू नका" असे बजावले, "आजोबा झालात की मंत्री?" हे ऐकून घेतले, आणि सकाळी मोकळ्या हातांनी नाशिकच्या बसमध्ये बसले.

शेजारच्या बाई सोबतीवर त्यांचाच लेख वाचत होत्या. शेवटपर्यंत वाचून त्यांनी जांभई दिली.

"काय म्हणतोय लेख?" आंबर्डेकरांनी विचारले.

"कुणी आंबर्डेकर आहेत. म्हणतात, या फोनमुळे सगळं जुनं वाटतं."

"मग?"

"मग काय, कधीचंच ठाऊक आहे सगळ्यांना."

"याआधी कुठे वाचलं होतंत?"

बाईंनी विचार केला. "ते नाही आठवत. पण वाचलंय, एवढं नक्की."

"फोन खाली ठेवून एकदा परत वाचून बघा ना."

"फोन खाली ठेवून फोनवरचं कसं वाचू, काका?" बाईंनी चिवड्याची पिशवी पुढे केली. "घ्या. उपाशी दिसताय."

आंबर्डेकरांनी चिवडा घेतला. पुढच्या बाकावर हळदीच्या अंगाचे एक जोडपे आपापल्या हातात सोबती धरून, संसाराला पंचवीस वर्षे झाल्यासारखे, दोन बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर पाहत होते. त्यांना काही सांगावे असे आंबर्डेकरांच्या मनात आले, पण त्यांना तेही ठाऊक असणार.

नाशिकच्या रुग्णालयात शालनताई खोलीच्या दाराशीच उभ्या होत्या. "या. नातीचं तोंड बघायला मुहूर्त काढून आलात."

केतकी उशीला टेकून बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेले गाठोडे. टोपडे घसरून पार हनुवटीपर्यंत आले होते. त्यामुळे चेहरा म्हणून काही दिसत नव्हते, नुसते टोपडे श्वास घेत होते.

"बाबा, एक विचारू?" केतकी हळूच म्हणाली. "निषाद सोबतीच्याच कंपनीत ना, त्याला तो आधीच मिळाला होता, तो त्याने मला भेट दिला. हिला आणून पहिल्यांदा माझ्याजवळ ठेवलं तेव्हा मी हिचा फोटोच काढत होते. आणि मला काहीच वाटलं नाही. म्हणजे, ही कधीचीच इथे आहे असं वाटलं. आई म्हणते, आईला असंच वाटतं. खरं का?"

आंबर्डेकरांनी लेकीकडे पाहिले. उत्तर त्यांना ठाऊक होते आणि आज ते छापूनही आले होते.

"खरं," ते म्हणाले. "आईला असंच वाटतं."

केतकी हसली. तिचे खांदे खाली आले. आंबर्डेकरांनी हात धुतले, पुसले, आणि पलंगापाशी येऊन उभे राहिले. पोटात कुठेतरी जत्रेतला पाळणा जागेवरून किंचित हलला. खोलीत त्या क्षणी त्यांच्याखेरीज कुणीच कशाची वाट पाहत नव्हते.

केतकीने एका हाताने टोपड्याची गाठ ओढून पाहिली. ती सुटेना.

"बाबा," ती दुसरा हात पुढे करत म्हणाली, "एवढा फोन जरा धरा ना."