पुलाखाली 'उठा' कोण म्हणाले?

मी यंत्रांचा माणूस आहे. तंत्रशाळेत शिकलो आणि बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या कालव्यांतल्या होड्यांची इंजिने दुरुस्त करण्यात आयुष्य घालवले. जे स्वतः पाहिले, ऐकले, त्यापलीकडचा एक शब्दही येथे लिहिणार नाही. विश्वास ठेवायचा की नाही, ते आपण ठरवा.

साल १९८७. नोव्हेंबरातली संध्याकाळ. कालव्यांवर धुके उतरले होते.

पर्यटकांचा हंगाम संपला की होड्या हिवाळ्यापुरत्या पाण्याबाहेर निघतात. त्याआधीची शेवटची फेरी घरच्यांसाठी, अशी आमची रीत होती.

होडी माझा मेहुणा बावो चालवत होता. पुढच्या बाकावर मी, शेजारी माझी मुलगी लीझलॉट आणि तिच्या पलीकडे तिचा होणारा नवरा योरिस. वसंतात लग्न ठरले होते.

"योरिस, अजून वेळ गेलेली नाही! पोहत पळून जा," बावो मागून ओरडला. "हिची आई माझी सख्खी बहीण. मी भोगलंय!"

"मामा, गुपचूप होडी चालव," लीझलॉट हसत म्हणाली. "नाहीतर लग्नात बिअरचा थेंब मिळणार नाही."

समोर ठेंगणा दगडी पूल आला.

त्याची कमान इतकी खाली आहे, की बसलेल्या माणसालाही गुडघ्यांपर्यंत वाकावे लागते. नावाडी 'डोकी खाली' म्हणतो. होडी पुरती बाहेर आली, की तोच 'उठा' म्हणतो. तोवर कोणी मान वर करत नाही. एकही नावाडी यातला एकही शब्द गाळत नाही.

बावोने त्या दिवशी आळस केला.

"डोकी खाली! आणि उठायचं तुमचं तुम्ही बघा रे. घरचीच माणसं, किती ओरडू?"

आम्ही वाकलो. अंधार झाला.

इंजिनाचा आवाज त्या कमानीवर आपटून परत येतो. माझ्या कानांना त्याची सवय होती.

त्या संध्याकाळी... तो परत आला नाही.

मग अगदी कानाशी, बावोच्या आवाजात...

"उठा."

माझ्या कोपराला टेकलेली लीझलॉटची बाही वर सरकली. ती ताठ बसली होती.

तिथे ताठ बसायला जागाच नाही. वर दगड आहे.

डोके आपटल्याचा आवाज येईल, म्हणून मी श्वास रोखला...

काहीच ऐकू आले नाही.

होडी बाहेर आली. लीझलॉट ताठ बसून समोर पाहत होती. कपाळावर साधा ओरखडाही नव्हता.

"वेडा झालास का बावो?" मी ओरडलो. "पुलाखालीच 'उठा' म्हणालास?"

बावोचा चेहरा पांढरा पडला.

"दाजी... मी तोंडच उघडलं नाही."

"मला तर काहीच ऐकू आलं नाही," योरिस पुटपुटला. "फक्त मध्येच हिनं माझा हात सोडला. मग पुन्हा धरला. केवढा गार आहे बघा."

"काय झालं, बाबा?" लीझलॉटने शांतपणे विचारले. "मामाच म्हणाला ना, उठा?"

बावोने होडी सरळ धक्क्याला लावली.

घरी माझी पत्नी रेनहिल्डे जेवणासाठी थांबली होती. तिला मी काहीही सांगितले नाही. बिअरमध्ये शिजवलेले मांस आम्ही खाल्ले.

आमच्याकडे मुले निजायला निघाली, की आई त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढते. मुलगी कितीही मोठी झाली तरी. लीझलॉटने नेहमीप्रमाणे कपाळ पुढे केले.

रेनहिल्डेचा अंगठा वर उचलला गेला...

आणि हवेतच थांबला.

तिने हात मागे घेतला. लीझलॉट क्षणभर तशीच उभी राहिली, मग हसली आणि जिना चढून गेली.

रेनहिल्डेने स्वयंपाकघराचे दार लावून घेतले.

"अर्नाउट, खरं सांग," ती म्हणाली. "घरी कुणाला घेऊन आलास?"

वसंतात लग्न झाले. लीझलॉट दर रविवारी येते. बोलते, हसते, माझ्या औषधांची चौकशी करते. तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. तरीही तो क्रूस रेनहिल्डेने मरेपर्यंत पुन्हा काढला नाही.

धुके पडले, की आजही मी त्या पुलाच्या कठड्याशी जाऊन उभा राहतो. मुलीला हाक मारावीशी वाटते. हाक ओठांपर्यंत येते आणि मी गिळून टाकतो.

कारण खालून 'ओ, बाबा' असे उत्तर आले...

तर दर रविवारी माझ्या घरी जेवते ती कोण?