ओर्सोलाचा कोपरा

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलंय.

नोव्हेंबरमधली दुपार होती. इटलीतल्या सिएना शहराबाहेरचा ख्रिस्ती सिस्टरांचा मठ.

माझी बहीण मार्झिया जुनी हस्तलिखितं साफ करते. समोर मठाची गाण्याची पोथी होती. माणसाच्या कमरेएवढी उंच, वासराच्या कातड्याची पानं, सोनेरी अक्षरं. सगळ्या सिस्टर तिच्यासमोर उभ्या राहून गायच्या आणि एकच जण पानं उलटायची.

पानाचा खालचा कोपरा मात्र काळा, चिकट. शेकडो वर्षांचा अंगठ्यांचा मळ.

"तेवढा कोपरा राहू दे, पोरी," म्हाताऱ्या सिस्टर जेर्त्रूदे म्हणाल्या. "तो जुन्या काळच्या सिस्टर ओर्सोलाचा. तोंड सडलं होतं म्हणे तिचं, तरी अंगठा चाटूनच पान उलटायची. ती गेल्यापासून इथं सगळ्या वरूनच उलटतात."

"मग आमच्यात खपली असती ती, सिस्टर. आम्हीही थुंकीनेच पुसतो."

खरंच पुसतात. कापसाची काडी जिभेवर ओली करायची, मळ टिपायचा, काडी फेकायची, नवी घ्यायची. पण मार्झियाला घाई होती. सहा वर्षांची नोएमी घरी वाट बघत होती.

घाईत तिने तो कोपरा पुसलेलीच काडी पुन्हा तोंडात घातली.

खवट चरबी... किडलेली दाढ... आणि कोमट.

काडी कोमट कशी असेल?

ती बेसिनवर भडाभडा ओकली. चुळा भरून भरून जीव मेटाकुटीला आला. परत येऊन बघते तर पुसलेला कोपरा ओला... त्यावर ताजा अंगठा उमटलेला.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

मग अगदी कानाशी... अंगठा चाटल्याचा आवाज.

सामान तिथेच टाकून ती घरी पळाली. नोएमी धावत येऊन बिलगली. मार्झियाने रडत रडत तिचे पापे घेतले.

रविवारी मी जेवायला गेलो. नोएमी चित्रांचं पुस्तक बघत होती. पान उलटायला तिने अंगठा चाटला. हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

"शी! काय घाणेरडी सवय ही?" मी म्हणालो.

तिने अंगठा दाखवला. काळा, चिकट.

"मी नाही चाटत, मामा. तोंडातली बाई चाटते."

मार्झियाने तिचं तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दात, पांढरेशुभ्र. पण वास असा आला, की मी भरल्या ताटावरून उठलो.

निघताना पोरीने माझ्या गालाचा ओला पापा घेतला.

अजून धुतोय मी तो गाल.