बिनखुणेची मयाल

बसा, विजेची लाइन काही आता येत नाही. संघपाल, ती बॅटरी विझव, किडे येतात. आणि रिना, हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. मध्येच खिदळलीस तर मी उठून जाईन.

निकेश तुम्हाला माहीत आहे, आपल्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला येतो तो. फुटके काढायचे, धड बसवायचे, पावसाळ्याआधी हे करावंच लागतं. हे काम दोघांचं असतं. एक वर छपरावर. दुसरा खाली घरात लांब बांबू घेऊन उभा, बांबूचं टोक चुन्यात बुडवलेलं. खालचा कवेलूंखालचा एकेक फाटा, फाटे पेलणारी एकेक जाड मयाल ठोकत पुढे सरकतो. लाकूड पक्कं असेल तर दोन ठोके देतो आणि चुन्याची गोल खूण उठते. ठोका आला की वरच्यानं पाय टाकायचा. नाही आला, तर नाही टाकायचा. म्हणजे वरच्याचा जीव खालच्याच्या हातात. पण निकेश हल्ली कोणालाच ठोकू देत नाही, वर चढण्याआधी स्वतः ठोकून घेतो. काऊन, ते आज सांगतो.

कुरखेड्याच्या पलीकडे, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून एक जुनी शेतबाडी आहे. धानाचं गोदाम, बैलांचा कोठा, एक पडकी बंगली. मालक नागपूरला. त्या इमारतींची देखरेख निकेशचा मोठा भाऊ पोचू आणि त्याचा जोडीदार लटारू करायचे. बाप लवकर गेला म्हणून पोचूनंच निकेशला वाढवलं, काम शिकवलं. सारे दोनदा ठोकत, पोचू तीनदा. दोन जोरात, तिसरा हळूच. "तिसरा तुयासाठी," म्हणायचा.

दोन सालांआधी पोचू त्याच गोदामाच्या मधोमध फाटे तुटून खाली आला आणि जागीच गेला. लटारू गावभर सांगत सुटला, "पेऊन चढला होता गा. मी ठोकलंबी नोहोतं, तो पुढं गेला."

पोचूची बायको कुंता ऊर बडवून सांगायची, "त्यायनं दोन वर्सांपासून थेंब घेतला नाई." कोणी ऐकलं नाही. निकेशनंही नाही. सख्ख्या वहिनीपेक्षा त्याला लटारू खरा वाटला. मातीत पोचूसोबत त्याचा बांबूही ठेवला, तो निकेशच्या हातानंच. बांबूचं टोक एका बाजूनं उडालेलं होतं, त्यामुळे त्याची खूण फुटक्या बांगडीसारखी उठायची.

गेल्या साली, मृग लागायच्या आदल्या दिवशी, निकेश लटारूलाच घेऊन त्या गोदामावर गेला. अर्ध्या गावाचं धानाचं बियाणं आत होतं आणि आभाळ भरून आलं होतं.

"मधली मयाल कशी हाये?" निकेशनं शिडीवरून विचारलं.

"मालकानं पाठवलेला साग हाये, मीच टाकला ना! बिनधास्त चढ. हत्ती नाचव तिच्यावर."

काम रंगलं. अंधार पडला. निकेशनं डोक्याला बॅटरी बांधली. खालून ठोका येई, हा पाय टाकी, कवेलू बसवी. चार ओळी राहिल्या तेव्हा लटारू ओरडला, "पानी पेऊन येतो गा." थोड्या वेळानं ठोके पुन्हा सुरू झाले.

निकेश पुढे सरकत राहिला. कवेलू, पाय. कवेलू, पाय.

तेवढ्यात पाळीवर गाडीचा उजेड दिसला. गावाकडे चाललेला. फुटक्या सायलेन्सरचा फटफट आवाज. तो आवाज गावात एकाच गाडीचा... लटारूच्या.

खालून ठोका आला.

"लटारू?"

पुन्हा ठोका. निकेशनं पहिल्यांदा नीट ऐकलं. दोन जोरात.

आणि तिसरा... हळूच.

त्याच्या हातातला कवेलू सुटला. घरंगळत गेला. खाली पडून फुटला. तरी खाली कोणी हललं नाही, खाकरलं नाही.

"कोन हाये तिथी?"

ठोका एक हात पुढे गेला. थांबला. जणू वाट पाहत होता. निकेश जागेवर बसून राहिला. पुढे मधली मयाल होती. तिच्यावर पाय दिला की दोन ढेंगांत शिडी, लटारूनं मघाशी त्या बाजूला हलवलेली. तो ठोक्याची वाट पाहू लागला.

ठोका आला नाही.

बराच वेळ... नाही.

मग मागे ठोका पडला. जिथून तो आला होता तिकडे. तीन. मग आणखी मागे. तीन. निकेश रडायला लागला. तोंडानं "दादा, दादा" म्हणत, ठोक्यामागे ठोका, पालथा सरकत तो भिंतीपर्यंत आला आणि कोठ्याच्या ठेंगण्या छपरावर उतरून खाली उडी मारली.

पळून जावं ना? पण हा गोदामात शिरला. आत कोणीच नव्हतं. बॅटरी वर मारली. फाट्याफाट्यावर चुन्याच्या खुणा, ओल्या. त्याच्यासमोर एक थेंब टपकला. प्रत्येक खूण फुटक्या बांगडीसारखी. मधल्या मयालीला मात्र एकही नाही. त्यानं शिडी आत आणली, चढून कोयत्यानं ती मयाल खरवडली. वर जळक्या ऑइलचा काळा लेप. आत सावरीचं मऊ, हलकं लाकूड, वाळवीनं भुसभुशीत झालेलं. लेकरू बसलं तरी मोडलं असतं.

साग लटारूनं नेला होता. ही सावर दबून वरचे फाटे तुटले आणि भाऊ त्यापायी मेला होता. आणि हे सारं माहीत असून त्या माणसानं यालाही तिथेच चढवलं, वर म्हणाला हत्ती नाचव! भीती गेली. उरली ती आग. ज्याच्या शब्दावर आपण वहिनीला खोटं पाडलं, तो हा! निकेश पायी गावात आला, कुंताला उठवलं आणि तिला घेऊन लटारूच्या दारात गेला.

लटारू अंगणात उकिडवा बसला होता.

निकेशनं एवढंच विचारलं, "दादा पेला होता का गा?"

लटारूनं मान हलवली. नाही.

निकेशनं हात उगारला, पण लटारू त्याच्याकडे पाहतच नव्हता. तो घराच्या दाराकडे पाहत होता. "आत कोनीतरी ठोकून राह्यलं होतं," तो म्हणाला. "आत्ताच थांबलं."

निकेश आत गेला. बॅटरी वर मारली. साऱ्या फाट्यांवर चुना, ओला. तीच फुटकी बांगडी. फक्त लटारूच्या खाटेवर आडवी गेलेली मयाल कोरी होती. निकेशनं चढून ती ठोकून पाहिली. सागाची, गोदामातली. घंटेसारखी वाजली. त्या घरातलं सगळ्यात पक्कं लाकूड तेच.

आणि खूण नव्हती ती फक्त त्यालाच.

लटारू आजही अंगणात झोपतो. पावसातसुद्धा.