जीवनचक्राचं टाचण

मृत्यू म्हणजे काय हे हेमांगी धुमाळ विसरली, त्याला आता आठवडा होत आला होता आणि तिची तब्येत उत्तम होती. जेवत होती, झोपत होती, बरोबरीच्या बायकांची टिंगल करत होती. तिचा नवरा दिगंबर मोटार रिवाइंडिंगचं दुकान बंद ठेवून फलटणहून आला, तो प्रशिक्षण संस्थेच्या व्हरांड्यात तिचं हसणं ऐकून जागीच थबकला. मुलगी गेल्यापासून हे हसणं त्याने ऐकलं नव्हतं.

"या, बसा," डॉ. शुभदा खानोलकर म्हणाल्या. 'कोरी पाटी' ही पद्धत त्यांचीच.

नव्या शिक्षकांची जुनी खोड अशी, की आपल्याला येतं ते समोरच्या पोराला का येत नाही, हेच त्यांना कळत नाही. हातचा घेऊन वजाबाकी करायची ज्याला वर्षानुवर्षं सवय आहे, त्याला ती न येणं आठवणार कुठून? मग तो पाठाचं टाचण, म्हणजे तासाला काय सांगायचं, कोणत्या क्रमाने आणि शेवटी काय विचारायचं याची आखणी, स्वतःसारख्या शहाण्या माणसासाठी करतो आणि वर्ग जांभया देत बसतो. खानोलकरांनी यावर जालीम उपाय काढला. मेंदूत प्रत्येक कल्पनेचे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. त्यातले नेमके हवे तेवढे सैल करणारी एक चुंबकीय टोपी त्यांनी तयार केली. प्रशिक्षणार्थीने एक धडा निवडायचा, टाचण लिहायचं आणि टोपी घालून त्या धड्यापुरती आपली पाटी कोरी करून घ्यायची. मग दुसरं कोणीतरी तिचंच टाचण हातात घेऊन तिला शिकवणार. टाचण चांगलं असेल तर ज्ञान परत येणार, भोंगळ असेल तर गेलं ते गेलंच. टाचणात चालढकल करायची कोणाची छाती उरली नाही, आणि शाळांचे निकाल झपाट्याने सुधारले.

"हेमांगीने तिसरीचा धडा घेतला होता, सजीवांचं जीवनचक्र," खानोलकर म्हणाल्या. "बी, रोप, फळ, पुन्हा बी. अंडं, पिल्लू, कोंबडी, पुन्हा अंडं. टाचण इतकं सुबक होतं की मी लगेच सही केली. सगळे बाण गोल फिरत होते. बाहेर जाणारा एकही बाण नव्हता, ते माझ्या लक्षात आलं नाही."

"म्हणजे काय झालं, मॅडम?"

"जे जातं ते फिरून येतं, असं तिला आता पक्कं वाटतं."

"अहो, पण ओवीचं सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं की!"

"घटना तिला आठवतात. त्यांचा अर्थ मात्र पुसला गेलाय."

ओवी डेंग्यूने गेली तेव्हा सहा वर्षांची होती. त्यानंतर हेमांगी दोन वर्षं घरात भिंतीकडे बघत बसली आणि एके दिवशी म्हणाली, मला शिक्षिका व्हायचंय. टोपी घालायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. "आता मला बरं वाटेल. तुम्ही रागवायचं नाही हं." शिकण्यात तिचं मन रमतंय, असं बिचाऱ्या दिगंबरला वाटलं होतं.

"चुकलेली नाही ती," दिगंबर हळूच म्हणाला. "मुद्दाम केलंय तिनं."

"मलाही तसंच वाटतं. पण तिला विचारण्यात अर्थ नाही. ज्या दुःखापोटी केलं, तेच आता तिला ठाऊक नाही." खानोलकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाटी अजून ओली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत नीट पाठ दिला तर तो बसेल. एकदा वाळली की मग काही करता येत नाही. तुमची संमती लागेल."

"नाही दिली तर?"

"तर तिला घरी घेऊन जा. पास झालीय ती. जूनमध्ये नोकरी लागेल आणि वर्गातल्या मुलांना ती हेच शिकवेल."

दिगंबर खुर्चीत पुढे सरकला. "परकं माणूस नको. मीच सांगतो तिला."

"मग टाचण करा. मनाला येईल तसं बोललात तर अर्धवट पोचेल, आणि अर्धवट पोचणं फार वाईट."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवारातल्या बाकावर कागद घेऊन बसला होता. हेमांगीने मागून येऊन डोकावलं.

"अगंबाई, तुम्ही आणि टाचण? बघू, बघू." कागदावर नुसते शब्द होते: पान, ओवी, आजी, मोती कुत्रा. "विषय काय आहे?"

"मागनं सांगतो."

"असं कुठं असतं का? बरं, उद्दिष्ट कुठाय? तासाच्या शेवटी समोरच्याला काय कळलेलं हवं, ते आधी एका ओळीत लिहायचं."

"मला नाही लिहवत गं."

"सगळे तिथंच अडतात. मग पूर्वज्ञान तरी? शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे?"

"तिला एक मुलगी होती."

"होती काय? आहे की!" ती हसली. "जूनमध्ये ओवी तिसरीला येईल. माझ्याच वर्गात बसवू. अहो, तिला नेलं त्या दिवशी तुम्ही केवढे रडलात! मला अजून कळलेलं नाही, एवढं रडण्यासारखं काय होतं."

तिला कडकडून मिठी मारावी आणि एका दमात सगळं सांगून टाकावं, असं दिगंबरला वाटलं. ती मात्र पेन्सिल घेऊन कामाला लागली होती. धड्याची आखणी करायची तिची हातोटी शाबूत होती.

"ही उडी मारू नका. सोप्याकडून अवघडाकडे जायचं. आधी झाडाचं गळलेलं पान, मग मोती, मग आजी. ओवी एकदम शेवटी घ्या. आणि प्रश्न एकच ठेवा, नेमका."

टाचण आता उत्तम झालं होतं. स्वतःच्या हातांनी तिने ते बिनचूक करून दिलं होतं. प्रश्नही दिगंबरला माहीत होता: ओवी कधी येईल? तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. प्रश्न त्याने लिहिला नाही. कँटीनमधून दोघांसाठी चहा आणला, तिच्या गप्पा ऐकल्या आणि आवारातले दिवे लागले तरी तो जागचा उठला नाही.

पाटी वाळली होती. आता त्या घरात ओवी मेली आहे हे एकट्या दिगंबरलाच माहीत असणार होतं. रोज ती विचारणार, रोज हा काहीतरी थाप मारणार, आणि रडायचं तर दुकानात जाऊन, शटर ओढून. हेमांगीला सामान आवरायला पाठवून तो कार्यालयाच्या खिडकीशी गेला. आत कारकून कुलपं लावत होता.

"पुढचे प्रवेश कधी सुरू होतात? माझी बारावी झालीय."

"धडा कोणता घेणार?"

"तिसरीचा. जीवनचक्र."

कारकुनाने किल्ल्या खाली ठेवल्या. "तो भरला, साहेब. धुमाळबाईंचं कळल्यापासून सगळ्यांना तोच हवाय. बाहेरगावाहून फोन येतात. तुमचं कोण गेलं?"

"मुलगी."

"मग नाव वर घेतो," तो म्हणाला. "आईबापांना आम्ही आधी घेतो."