एरंडेलाचा धूर

“दे, काका! आता दे रेस!” उलट्या पिंपावर उभी राहून दामिनी घसा फोडून ओरडत होती.

जितूकाकाने हेल्मेटमधूनच मान हलवली आणि अंगठ्याने रेस दाबली. वाडीच्या गोदामामागच्या मोकळ्या प्लॉटवर त्याची क्वाड, म्हणजे चार गुबगुबीत चाकांची आणि मोटारसायकलसारख्या हँडलची गाडी, धूळ उडवत निघाली. आधी ती नुसतीच टरटरली. मग एकाएकी तिचा आवाज बारीक आणि धारदार झाला, पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली आणि गाडी अशी सुटली की बस्स!

“पाइपनं धरलं! पाइपनं धरलं!” दामिनीने टाळ्या पिटल्या.

हा पाइप म्हणजे तिचा जीव की प्राण! जुना सायलेन्सर काढून टाकून काकाने स्वतः पत्रा वळवून, वेल्डिंग करून तो बनवला होता. सुरुवातीला बारीक, मध्ये पोट सुटलेला, शेवटी पुन्हा बारीक. टू-स्ट्रोक इंजिनाचा धूर त्या पोटात जोराने शिरतो, विहिरीत आरोळी द्यावी तसा त्याचा धक्का परत येतो आणि निसटू पाहणारं ताजं पेट्रोल पुन्हा इंजिनात ढकलतो. पाइपची लांबी नेमकी असली तरच हे साधतं. आणि त्या पाइपचे पुठ्ठ्याचे नमुने कोणी कापले होते? संत्र्यांच्या खोक्यांवर कात्री चालवून बोटाला फोड कोणी आणून घेतला होता? दामिनीने!

“मामा, सूर मस्त चढला! फक्त वरच्या टोकाला जरा फाटतोय!” शेजारून आवाज आला.

झालं! दामिनीच्या टाळ्या जागीच थांबल्या.

ही वैभवी. दामिनीची आतेबहीण, दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून आलेली. ती गाणं शिकायची. आल्या दिवशीच इंजिनाचा आवाज ऐकून ती म्हणाली होती की सूर मध्येच अडकतोय. काकाने हसत हसत पाइपचा बोटभर तुकडा कापला आणि गाडी खरोखरच जास्त पळाली! तेव्हापासून काकाच्या तोंडी एकच जप. ‘वैभवीचा कान, वैभवीचा कान!’ कान काय, सगळ्यांनाच असतात, आणि तेही दोन दोन! दामिनीचा नुसता जळफळाट होत होता. येत्या रविवारी काटोलजवळच्या माळावर शर्यत होती. गाडीजवळ एकच मदतनीस उभा राहू शकणार होता, नारिंगी जॅकेट घालून. ते जॅकेट दामिनीला मिळणार हे गणपतीपासून ठरलेलं होतं. पण आता काकाच्या मनात कोण होतं, कोणास ठाऊक!

तेवढ्यात प्लॉटवर ‘कर्रर्र’ असा भयंकर आवाज झाला. क्वाडची मागची चाकं जागच्या जागी थांबली, गाडी आडवी घसरली आणि काका वाळूत जाऊन पडला!

“काका!”

सगळे धावले. काकाचं कोपर सोलवटून निघालं होतं. त्याने इंजिनाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“पिस्टन जाम झाला,” तो म्हणाला. “दामिनी, पेट्रोलमध्ये तेल टाकलं होतं न?”

या इंजिनाला तेल वेगळं द्यायचं नसतं, ते मोजून पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आणि ते काम दामिनीचं होतं.

“टाकलं होतं, काका! माप भरून!”

“मग हे कसं झालं? नाई तर पाइपच चुकला म्हणायचा. तो काढून जुना सायलेन्सर लावा लागते मग.”

“लक्ष नाई गा आजकालच्या पोरायचं!” मागून रुपरावजी म्हणाले. संत्र्यांचे व्यापारी, हे गोदाम त्यांचंच. पांढरेशुभ्र कपडे, खांद्यावर पांढराच दुपट्टा, आणि बोलायला लागले की उपदेशाशिवाय दुसरं काही नाही. “आमच्या काळात वस्तूची किंमत होती. कोणाचं काही घेतलं तर भरल्या मापानं परत करो आम्ही!”

काकाने तेलाचं काचेचं माप उचललं आणि वैभवीच्या हातात दिलं.

“आजपासून तू मिसळ.”

दामिनीला वाटलं, आपल्याला कोणी भर चौकात उभं करून थोबाडीत मारली.

दुसऱ्या दिवशी काकाने नवा पिस्टन बसवला. संध्याकाळी वैभवी पेट्रोलचा कॅन घेऊन बसली. दामिनी कोपऱ्यातून मांजरासारखी टपून बघत होती. आता चुकेल, मग चुकेल! पण वैभवीने माप डोळ्यांसमोर धरलं, रेघेपर्यंत तेल भरलं, पेट्रोलमध्ये ओतलं आणि कॅन हलवला. चूक नावालाही नाही! फक्त कॅन हलवताना त्यातल्या मिश्रणाचा एक थेंब खालच्या वर्तमानपत्रावर पडला. त्या कागदावर दामिनीच्या धाकट्या भावाची, सौरवची, चकली ठेवलेली होती.

“माझी चकली!” सौरव किंचाळला.

“खाऊ नको आता आणखी,” दामिनी म्हणाली. “काल पोट दुखलं म्हणून आईनं एरंडेल पाजलं न तुले?”

“नाव नको घेऊ त्याचं!” सौरवने नाक धरलं. “आणि काकाचं रेसवालं तेलही तसंच वास मारते!”

मारणारच! ते तेल एरंडीचंच तर होतं.

सकाळी काका हेल्मेट घालून तयार झाला. कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतायचं काम तेवढं दामिनीकडे उरलं होतं. ओतताना तिच्याही हातून एक थेंब त्याच वर्तमानपत्रावर सांडला. बघता बघता पेट्रोल उडून गेलं आणि दामिनी कागदाकडे बघतच राहिली. कालच्या थेंबाचा डाग चकलीच्या डागासारखा तेलकट, पारदर्शक होता. आजचा डाग? असून नसल्यासारखा!

म्हणजे कॅनमधलं तेल कमी झालं होतं!

ओरडण्यासाठी तिने तोंड उघडलं आणि मिटलं. आज पिस्टन जाम झाला तर? माप तर वैभवीच्या हातात होतं! मग काकाला कळेल, की कान असून भागत नाही. जॅकेट परत आपलं. आपण फक्त गप्प राहायचं. काही करायचंसुद्धा नाही.

काकाने किकवर पाय ठेवला. त्याच्या कोपरावरची पट्टी दामिनीला दिसली. पट्टीतून लालसर डाग वर आला होता.

“थांब! काका, थांब! चालू नको करू!”

ती धावत जाऊन हँडलला लटकलीच. काकाने हेल्मेट काढलं.

“काय झालं वं?”

“तेल कमी आहे पेट्रोलात!”

“काल माझ्यासमोर मिसळलं वैभवीनं. दामिनी, खरं सांग, तू तिच्यावर जळून राहिली का?”

“हाव! जळूनच राहिली!” दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. “पण तेल कमीच आहे! आणि ती नाई चुकली. चूक सापडते का म्हणून मी पूर्ण वेळ पाहत होती तिच्याकडं. नाई सापडली मले!”

वैभवी पुढे आली. तिने दोन्ही डाग बोटाने चाचपले.

“मामा, ती बरोबर सांगतेय. रात्रीतून कोणीतरी यात साधं पेट्रोल ओतलंय!”

काकाने ताजं मिश्रण करून तिसरा थेंब टाकला. तो कालच्यासारखाच तेलकट उमटला! काकाचा चेहरा उतरला. टाकी रिकामी करून तो कपाळाला हात लावून बसला. गोदामाच्या या कोपऱ्याला कुलूप नव्हतं. कोण आलं असेल?

“काटोलवाले! शर्यतीतले दुश्मन!” सौरवने मुठी वळल्या.

“उगाच कोणाचं नाव घेऊ नको बे,” काका म्हणाला आणि नवं पेट्रोल आणायला निघून गेला.

तिघं दारात बसून राहिली. तेवढ्यात रुपरावजींची स्कूटर आवाज करत समोरून गेली. मागे निळसर धुराचा पट्टा राहिला. सौरवने एकदम नाक धरलं आणि तो खोक्यांमागे पळाला.

“एरंडेल! आई आली का एरंडेल घेऊन?”

दामिनी ताडकन उठली. “वैभवी! त्यांची स्कूटर साध्या पेट्रोलवर चालते. तिले धूर काहून यावा? आणि तोही एरंडेलाचा?”

“ते? अगं, ते तर रोज प्रामाणिकपणावर भाषण देतात!”

“म्हणूनच तर कोणी मानणार नाई. पुरावा पाहिजे!”

मग तिघांची खलबतं सुरू झाली. चांगलं मिश्रण संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांखाली लपवलं. तेल कमी असलेला कॅन जागेवर ठेवला. आणि दामिनी घरून दिवाळीची उरलेली रांगोळी घेऊन आली, झगझगीत राणी रंगाची! कॅनच्या मुठीला खालच्या बाजूने जरासं तेल लावून तिने त्यावर रांगोळी दाबून बसवली. वरून काही म्हणता काही दिसेना.

“भारी डोकं आहे तुझं,” वैभवी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “मला वाटलंच होतं. मामा दिवसभर तेच सांगतो. ‘दामिनीनं नमुने कापले, दामिनीला नट आवळायचे सगळे पाने नंबरासकट पाठ.’ ऐकून ऐकून वैताग आला होता मला!”

दामिनी बघतच राहिली. म्हणजे हीसुद्धा जळत होती? आणि चक्क आपल्यावर? तिला इतकं बरं वाटलं, की लपवून ठेवलेला शेवटचा अनारसा तिने अर्धा मोडून वैभवीला दिला.

सकाळी काका आणि मुलं गोदामात हजर असताना रुपरावजी आले.

“काय गा जितू, सापडलं का काही? मी सांगतो, पोरायचंच काम असन! जबाबदारी नावाची चीज...”

बोलता बोलता त्यांनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं. सौरव फिसकन हसला. वैभवीने तोंडावर हात दाबला. रुपरावजींच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर राणी रंगाची पाच बोटं उमटली होती. सदऱ्याच्या खिशावर तीच, नाकाच्या शेंड्यावर तीच, आणि आता कपाळावरही!

“आजोबा, दिवाळीत होळी खेळले का?” सौरवने विचारलं.

दामिनीने कॅन उचलून मूठ उलटी केली आणि काकाला दाखवली. काका मुठीकडे बघे, रुपरावजींच्या नाकाकडे बघे.

“रुपरावजी... तुम्ही?”

“म्या चोरी नाई केली!” रुपरावजी गरजले. “पंप रस्त्याच्या त्या बाजूनं. ट्रकायच्या रांगेत वळून यायले जीव जाते. संध्याकाळी देवळात जायच्या वेळी स्कूटरमध्ये पेट्रोल नसते, अन् जनरेटरच्या पेट्रोलचा कॅन कुलपात असते, चाबी दिवाणजी घरी नेते. म्हणून तुह्यातलं उसनं घेतो. साखर उसनी घेत नाई का माणूस? पण सकाळी कुलूप उघडलं की पयले तुहं परत करतो! भरल्या मापानं! उलट घोटभर जास्तच टाकतो!”

“साधं पेट्रोल?” दामिनीने विचारलं.

“मंग? पेट्रोल ते पेट्रोल!”

“नाई न, आजोबा!” दामिनी आणि वैभवी एका दमात म्हणाल्या. दामिनीने वर्तमानपत्र आणलं, वैभवीने डाग दाखवले. तेल मिसळलेलं जातं आणि बिनतेलाचं येतं, मग पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो, हे दोघींनी मिळून समजावलं. काकाने फक्त कोपरावरची पट्टी वर केली.

रुपरावजी मटकन खोक्यावर बसले.

“म्हणजे मी परत करत गेलो, अन् तू पडला?” त्यांचा आवाज पार खाली आला. “अन् बोल मी या पोरीले लावले. चुकलं वं, दामिनी. न विचारता घेतलं तिथंच चुकलं.”

काकाने काचेचं माप उचललं.

“मीही चुकलो,” तो म्हणाला आणि त्याने माप तिच्या हातात ठेवलं. “आणि पाइप राहते. सायलेन्सर-बियलेन्सर काही नाई!”

रविवारी काटोलच्या माळावर, संत्र्यांनी लगडलेल्या बागांना लागून, शर्यतीच्या गाड्या उभ्या राहिल्या. नारिंगी जॅकेट दामिनीच्या अंगात होतं, चांगलं गुडघ्यापर्यंत! पण सरावाच्या फेरीत काकाची गाडी रेस पूर्ण दिल्यावर वरच्या सुराला अडखळली. दामिनीने कान देऊन ऐकलं. तिला काही उमगेना. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे वैभवी हातवारे करत होती, पण एवढ्या गोंगाटात ऐकू काय येणार!

दामिनीने ओठ चावला. मग ती दोरीपाशी धावली आणि जॅकेट काढून वैभवीच्या अंगावर फेकलं.

“जा. तू ऐक. मले नाई समजून राहिलं.”

वैभवीने एक फेरी डोळे मिटून ऐकली. “वर श्वास कोंडतोय, मामा!” “म्हणजे पेट्रोल जास्त होऊन राहिलं,” म्हणत काकाने कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक तोंड, बदलून लहान लावला आणि पाइप कसा लख्ख गाऊ लागला!

“झालं न? आता दे माझं जॅकेट,” दामिनी म्हणाली आणि तिने ते हिसकावूनच घेतलं.

काका दुसरा आला. पहिल्या नंबरची गाडी परदेशातून आणलेली होती, त्यामुळे दुसरा नंबरही पहिल्यासारखाच वाजतगाजत साजरा झाला! रुपरावजींनी सर्वांना संत्री वाटली आणि भेटेल त्याला सांगितलं, “या पोरींनी मले शिकवलं गा! पोट्ट्यायकडून शिकायले लाज कायची?”

बक्षीस देणारे पांढऱ्या मिशांचे परीक्षक क्वाडपाशी वाकले. पोटफुग्या पाइपवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, “वा! हा इतका अचूक कोणी जुळवला?”

काकाने मुलींकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर दामिनीने आरशासमोर कितीतरी वेळा म्हणून पाहिलं होतं. एकच अक्षर होतं ते. ‘मी!’ ते अगदी ओठांवर आलं.

“पुठ्ठा मी कापला,” ती म्हणाली. मग तिने दोरीखालून हात घालून वैभवीला आत ओढलं. “आणि कान हिचा.”

परीक्षकांनी दोघींची पाठ थोपटली. वैभवीची जरा जास्तच वेळ थोपटली, असं दामिनीला वाटलं. पण तिने जॅकेटची एक बाही सोडली आणि वैभवीला तिच्यात हात घालू दिला.