मागून येणारा दिवा

आमच्या तिन्ही जीप लष्कराने मोडीत काढलेल्या आणि बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एकाच गॅरेजात पुन्हा उभ्या केलेल्या होत्या. रविवारी सकाळी शहरातली शहाणी माणसं डोसा खायला बाहेर पडत. आम्ही हेब्बाळच्या तळ्याकाठी जमायचो आणि चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम दगडधोंड्यांत गाड्या घालायला निघायचो. माझी आई याला विकतचं दुखणं म्हणायची, आणि सोमवारी कंबर शेकताना मलाही ते पटायचं.

मी नंदू, एका कारखान्यात दाबमापकं तपासतो. काटा जिथे असेल तिथेच आहे असं सांगायचं, आपल्याला वाटतं तिथे नाही, एवढंच माझं काम. पुढचं सांगताना मी तेवढंच करणार आहे.

आमचा म्होरक्या हयवदन. मूळचा धारवाडचा, बँकेत अधिकारी, एकटा राहणारा, आणि रागावला की मराठीवरून थेट कन्नडवर जाणारा. त्याची जीप कायम पुढे. मधे पुरुषोत्तम, त्याचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. शेवटी मी. हयवदनला एक खोड होती. वळण संपलं तरी तो इंडिकेटर बंद करायचा विसरायचा. उजवा दिवा लुकलुकत तो मैलोन्‌मैल सरळ जायचा. पुरुषोत्तम म्हणायचा, "हयवदनअण्णा गेली पाच वर्षं उजवीकडे वळतायत, अजून वळण काही आलं नाही."

नियम मात्र हयवदनचेच, आणि ते मोडलेले त्याला चालत नसत. प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीला सांभाळायचं. आरशात ती दिसेनाशी झाली किंवा थांबली, की आपणही थांबायचं. म्हणजे शेवटची गाडी थांबली की मधली थांबणार, मधली थांबली की पुढची. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत उभं राहायचं. त्याने दोनदा दिवा मिचकावला की आपण हात वर करायचा आणि निघायचं. खिशात फोन असण्याचे ते दिवस नव्हते. हा आरसा आणि हा दिवा, एवढ्यावर आमचं चालायचं.

"शेवटच्याच्या मागे कुणीच नसतं," मी एकदा म्हणालो. "त्यानं आरशात काय बघायचं?"

"त्यानंपण बघायचं," हयवदन म्हणाला.

"कशाला?"

"बघायला काय जातंय तुझं?" आणि त्याने गाडी सुरू केली.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात आठवडाभर पाऊस लागून राहिला होता. रविवारी तो थांबला आणि धुकं उतरलं. त्या दिवशी वीणा, म्हणजे माझी बायको, आणि सहा वर्षांची मुग्धा प्रथमच आमच्याबरोबर आल्या. डिझेलचा धूर नाकात गेला की मुग्धाला उलटी व्हायची, म्हणून दोघींना मी हयवदनच्या गाडीत बसवलं. पुढच्या गाडीला कुणाचा धूर खावा लागत नाही. मला वाटलं, सगळ्यांत चांगली जागा मी त्यांना दिली.

दोड्डबळ्ळापूरच्या अलीकडे रेल्वेचं फाटक होतं. गाडी यायची वेळ झाली होती, पण आम्ही तिघं निसटलो. आरशात पाहिलं तर फाटकवाला दांडा धरून तसाच उभा. तो रस्त्याकडे बघत जोरजोरात हात हलवत होता, चल, लवकर चल, असा. माझ्यामागे रस्ता मोकळा होता. थोड्या वेळाने त्याने मान हलवली आणि फाटक खाली घेतलं. मला वाटलं, असेल कुणी सायकलवाला, मला दिसला नसेल.

गाव मागे पडलं. टेकडीला वळसा घालणारा कच्चा रस्ता लागला. दोन्ही बाजूंना निलगिरी, खाली लाल चिखल, ओल्या पानांचा औषधासारखा वास. पुरुषोत्तमचे मागचे लाल दिवे तेवढे धुक्यात दिसत होते. मी सवयीने आरशात पाहिलं.

मागे एक दिवा होता.

एकच, डाव्या बाजूचा, पिवळट. गाडीचा दुसरा दिवा गेला असावा. कुणीतरी गावकरी ट्रॅक्टर घेऊन चालला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत नव्हती. मी दगडांपाशी हळू झालो की तो हळू होई. मी वेग घेतला की तो घेई. अंतर मात्र तेवढंच राही, आणि ते अंतर माझ्या ओळखीचं होतं. हयवदनने आम्हाला हेब्बाळच्या माळावर चुन्याने रेघा आखून शिकवलेलं, बरोबर तेवढं.

फाटा आला. पुरुषोत्तम माझ्यासाठी थांबला होता. मी दिवा मिचकावला, त्याचा हात वर झाला, तो डावीकडे गेला. मीही तिथे थांबलो. का थांबलो ते सांगता येणार नाही. मागचा दिवा धुक्यातून वर आला आणि दोनदा लुकलुकला.

माझा हात आपोआप वर गेला. मग मानेवर काटा आला.

पुढे रस्ता एका जुन्या तलावाच्या बांधावर चढत होता. डावीकडे पाणी असणार, पण दिसत नव्हतं, नुसता गारवा येत होता. पुरुषोत्तम बांधावर चढला. मी चढणारच होतो, तेवढ्यात आरशातला दिवा थांबला. क्षणभर तसाच राहिला आणि विझला.

पाय ब्रेकवर गेला तो सवयीने. डोकं मागाहून आलं. कुणी अडकला असेल तर बघायला हवं, म्हणून मी खाली उतरलो आणि चिखल तुडवत मागे गेलो.

कुणी नव्हतं. मी हाक मारली. निलगिरीवरून पाणी टपकत होतं, तेवढाच आवाज. माझ्या टायरांना नवी नक्षी चढवलेली होती, तिचा ठसा चिखलात सगळ्यांत वर उमटला होता. त्या ठशावर दुसऱ्या कुठल्याही चाकाची खूण नव्हती. पण हवेत तापलेल्या इंजिनाचा, जळक्या ऑईलचा वास होता, आणि एका ठिकाणी धुकं कोमट लागत होतं. मी तिथून हात काढून घेतला.

मग पुढून हॉर्न ऐकू आला. लांब, न थांबणारा.

मी बांधावरून धावलो. पुरुषोत्तमची गाडी उभी होती, आत कुणी नव्हतं. त्यापुढे हयवदनची गाडी. वीणा मुग्धाला कडेवर घेऊन उभी होती, आणि पुरुषोत्तम तिच्या दंडाला धरून तिला मागे आणत होता. हयवदन हॉर्न सोडून बॉनेटपाशी आला होता आणि समोर बघत होता.

समोर बांध नव्हता. हाताच्या अंतरावर तो तुटला होता आणि तलावाचं लाल पाणी त्यातून खाली शेतांत कोसळत होतं. इतक्या जवळून तो आवाज पोटात ऐकू येत होता. इंजिनाच्या आवाजात गाडीत बसून तो कुणालाच ऐकू आला नव्हता.

"पुरुषोत्तम थांबलेला दिसला म्हणून मी थांबलो," हयवदन म्हणाला. "वाट बघायची म्हणून पाय मोकळे करायला उतरलो. तेव्हा दिसलं."

"मी नंदूचा दिवा दिसेना म्हणून थांबलो," पुरुषोत्तम म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही का थांबलात?" वीणाने विचारलं.

"मागचा थांबला म्हणून."

"मागे कोण होतं?"

मुग्धाचा बूट चिखलाने भरला होता, तो मी हातरुमालाने पुसत बसलो. त्या बुटात पाय होता, पाय उबदार होता, आणि त्याबद्दल कुणाचे तरी पाय धरावेत असं मला वाटत होतं. कुणाचे ते कळत नव्हतं.

हयवदनने मला बाजूला घेतलं. "एकच दिवा होता?"

"हो."

"डावा?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

त्याने मागच्या धुक्याकडे पाहिलं. "सरी, ठीक आहे," म्हणाला. "त्याला मागे टाकून जाऊ नको कधी. एवढंच."

त्यानंतर त्याने कधी एक शब्द काढला नाही आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. काटा जिथे होता तिथे मी पाहिला होता. तो दिवा दर खेपेला येत नसे. दाट धुकं असलं की दोन-तीनदा आला. मी प्रत्येक फाट्यावर थांबत असे, आरशात कुणी असो वा नसो, आणि हात वर करत असे. वीणा बरोबर असली की तीही खिडकीतून हात बाहेर काढी. भीती पहिल्या वर्षातच गेली. उरली ती कृतज्ञता. मुग्धा शाळेतून धावत घरी आली, तापातून उठली, गणितात नापास होऊन रडत बसली, तरी मला तो पिवळट दिवा आठवे आणि बरं वाटे. ती नापास व्हायला घरी होती, हे काय कमी होतं?

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात हयवदन गेला. सुट्टीला धारवाडला गेला होता, रात्री झोपला तो उठलाच नाही. त्याची जीप शिवाजीनगरच्या गॅरेजात होती. इंजिन उतरवून फळीवर ठेवलेलं, चाकं काढलेली. ती विकायचं आम्हा दोघांनाही जमेना.

डिसेंबरात आम्ही पुन्हा निघालो. पुरुषोत्तम पुढे, मधे शुभंकर नावाचा पुण्याहून आलेला संगणकवाला मुलगा, शेवटी मी. शेजारच्या सीटवर मुग्धा. आता तिला उलटी होत नव्हती.

टेकडीच्या वळशावर धुकं मिळालं, आणि आरशात दिवा आला. मी मुग्धाला काही बोललो नाही. फाट्यावर तो दोनदा लुकलुकला, मी हात वर केला.

पुढे दोन वळणांवर तो थांबला.

मी ब्रेक दाबला. शुभंकर थांबला, पुरुषोत्तम थांबला. मी ओरडून सांगितलं, "उतरून पुढे बघा. गाडी हलवू नका."

दोघं चालत पुढे गेले. बऱ्याच वेळाने पुरुषोत्तम परत आला. "काही नाही रे. रस्ता कोरडा आहे, खडखडीत. पुढे धुकंही नाही, पार गावापर्यंत दिसतोय."

मी आरशात पाहिलं. दिवा या वेळी विझला नव्हता. होता तिथेच उभा होता.

"मग थांबला का तो?" मी स्वतःशीच म्हणालो.

मुग्धा मागे वळून काचेतून बघत होती. तिने तीन वर्षं आमचे नियम ऐकले होते.

"बाबा," ती म्हणाली, "त्याच्या मागचा यायचा असेल."

आम्ही वाट पाहिली.

धुक्यात खालून उजेड वर येऊ लागला. आणखी एक गाडी, दोन दिव्यांची. ती ठरलेल्या अंतरावर येऊन थांबली. तिने दिवे दोनदा मिचकावले.

मी हात वर केला. डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून पुन्हा नीट पाहिलं. रस्ता गावापर्यंत सरळ होता. मागच्या गाडीचा उजवा इंडिकेटर लुकलुकत होता.