डावीकडची शांतता

गिटार घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग दांडीवरून हात फिरवतो. धाकट्याने दुकानात शिरल्या शिरल्या वजनकाटा मागितला.

“गिटारच घ्यायचीये ना साहेब?” दुकानदार म्हणाला. “की कांदे?”

“तीन तास खांद्याला टांगून उभं राहायचंय. कांद्यांची पिशवी निदान खाली तरी ठेवता येते.”

दुकानदाराने पार्सलं तोलायचा काटा पुढे सरकवला. एकेक करून तीन गिटारी त्यावर चढल्या. तिन्ही जुन्या घडणीच्या, पण नव्याने केलेल्या. साठ वर्षांपूर्वी करत तशीच जाड दांडी, तसेच बारीक पडदे, तशाच खुंट्या. पहिली जड निघाली. दुसरी हलकी होती, पण कारखान्यातच तिचा रंग खरवडून, कोपऱ्यांना पोचे पाडून तिला वापरलेली करून टाकली होती.

“ही जन्मतःच म्हातारी,” दुकानदार म्हणाला. “लोकांना आवडते. न वाजवताच आयुष्यभर वाजवल्याचं पुण्य.”

“मला नको. दुसऱ्याच्या हाताच्या खुणा कशाला अंगावर घ्यायच्या?”

“अहो, हाताच्या कुठल्या, यंत्राच्या!”

तिसरी तितकीच हलकी, लोण्याच्या रंगाची, अगदी कोरी. कालच खोक्यातून काढलेली. दुकानदाराशिवाय तिला कोणाचा हात लागलेला नव्हता, आणि त्यानेही, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, फक्त पुसली होती.

धाकटा म्हणायचा, पण वय सेहेचाळीस. आधी थोरला होता म्हणून हा धाकटा, आणि थोरला जाऊन आठ महिने झाले तरी नाव तेच राहिलं होतं. दोघा भावांचा छोटासा बँड होता. थोरला बेस वाजवायचा, धाकटा गिटार. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, गायची. ड्रमवर त्यांचा जुना मित्र, बेकरीवाला. आठवडाभर चौघे आपापल्या पोटामागे धावत. धाकटा वायरमन होता, लोकांच्या घरातले फ्यूज आणि भिंतीतल्या वायरी शोधत फिरायचा. रविवारी दुपारी मात्र कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये चौघे उभे राहायचे.

त्यांच्या शेवटच्या गाण्यात एक थांबा होता. अखेरच्या कडव्याआधी सगळं एकदम बंद. वाद्यं बंद, आवाज बंद. किती वेळ, ते ठरलेलं नसे. थोरला समोर बसलेल्या माणसांकडे बघायचा, त्यांचा श्वास अडकलेला त्याला दिसायचा म्हणे, आणि मग तो हनुवटी इतकीशी खाली करायचा. त्या हनुवटीवर तिघेही एकदम सुरू व्हायचे. वीस वर्षांत कोणी आकडे मोजले नव्हते. मोजायची गरजच पडली नव्हती.

थोरला गेल्यावर दोन महिन्यांनी तिघांनी पहिला कार्यक्रम केला. थांबा आला. धाकट्याने सवयीने डावीकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. वहिनी धाकट्याकडे बघत राहिल्या, बेकरीवाला काठ्या वर धरून बघत राहिला. लोकांना वाटलं गाणं संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटा गिटार काढायला गेला, पट्टा निसटला, आणि त्याची जुनी गिटार दांडीच्या मुळाशी मोडली. अखेरचं कडवं राहूनच गेलं.

त्यानंतर सहा महिने कोणी वाद्याला हात लावला नाही. मग एक दिवस वहिनी स्वतःच घरी आल्या.

“भाऊजी, मला ते कडवं एकदा पुरतं म्हणू द्या. मग बँड बंद करा हवं तर. पण अर्धं ठेवू नका. झोप लागत नाही मला.”

म्हणून हा वजनकाटा.

तिसरी गिटार धाकट्याने तासभर वाजवून बघितली. तारा खेचून सोडल्या, सूर जागचा हलला नाही. आवाज मोकळा, वरच्या पट्टीत टोचत नव्हता. दोष एकच. जुन्या घडणीच्या पिकअपना, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकांना, एकेरी गुंडाळी असते, ती आसपासच्या विजेच्या तारांचा आवाज ओढून घेते, आणि हात थांबला की अँपच्या पेटीतून बारीक ‘घूं’ ऐकू येते. वाजवणाऱ्यांना हे माहीत असतं. ते उभ्या जागी हळूहळू वळून बघतात. एखाद्या कोनात घूं विरते. मग तिकडे तोंड करून उभं राहायचं, झालं.

धाकटा वळला. दाराकडे तोंड आल्यावर घूं अशी विरली, जशी कोणी चिमटीत धरून बंद केली. तो अर्धा वळसा घेऊन पाठमोरा झाला. नियमाने पाहिलं तर समोरासमोरच्या दोन्ही दिशांना ती शांत व्हायला हवी. तशी झाली नाही. फक्त दाराकडे.

“दाराबाहेर मोठा डीपी आहे का?”

“नाही हो. तिथे फक्त माझी सायकल.”

नसेना का, वीज कुठून कशी फिरते याचे त्याने बरेच नमुने बघितले होते. सात दिवस वापरून बघा, नाही आवडली तर परत आणा, असं ठरलं, आणि तो दारातून बाहेर पडला.

घरी त्याने गिटार जोडली. तीच घूं. हळूहळू वळला. जेवणाच्या टेबलाशी, खिडकीजवळच्या खुर्चीकडे तोंड आल्यावर घूं गेली. फक्त तिकडेच.

वायरमनच्या घरात वायरमनलाच न सापडणारा आवाज म्हणजे नामुष्की. त्याने फ्रिज बंद केला, ट्यूबलाइट बंद केल्या. शेवटी बॅटरीवर चालणारा लहानसा अँप काढला आणि मेन स्विच खाली ओढला. घर गपगार झालं. भिंतीवर टेस्टर लावून बघितला, कुठे जीव नव्हता.

गिटार हातात घेतली. घूं.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, “अहो, लाइट गेली तरी तुमचं चालूच?”

“शेजाऱ्यांची वायर आपल्या भिंतीतून गेली असणार,” तो म्हणाला. म्हणताना त्यालाच बरं वाटलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर थोरला आला की बसायचा, हे त्याच्या मनात आलं. पण त्या खुर्चीवर कोण बसलं नव्हतं? मीटर वाचायला आलेला माणूससुद्धा तिथेच बसून पाणी प्यायचा.

सराव बेकरीच्या वरच्या मजल्यावर असायचा. एका बाजूला मैद्याच्या गोण्या, दुसऱ्या बाजूला ड्रम, आणि खालून भट्टीची ऊब. ड्रमच्या डाव्या हाताला गालिच्याचा एक चौकोनी तुकडा पडलेला होता. थोरल्याला थंड फरशी सोसत नसे, तो त्यावर उभा राहायचा. वीस वर्षांत त्यावर दोन बुटांच्या जागा दबून चपट्या झाल्या होत्या. तो तुकडा उचलायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

वहिनी अजून यायच्या होत्या. धाकट्याने गिटार जोडली आणि नेहमीसारखा वळला. गालिच्याच्या तुकड्याकडे तोंड आलं, आणि घूं गेली.

तो पुढे सरकला, उजवीकडे गेला, गोण्यांपाशी जाऊन उभा राहिला. खोलीच्या कुठल्याही कोपऱ्यातून तुकड्याकडे तोंड केलं की शांत. जरा इकडे-तिकडे वळलं की घूं.

“काय रे, कुत्रं शेपूट धरायला फिरतं तसा काय फिरतोयस?” बेकरीवाल्याने विचारलं. कोपरापर्यंत मैदा तसाच होता.

धाकट्याने दाखवलं. बेकरीवाल्याने हसून गिटार स्वतःच्या गळ्यात घातली आणि स्वतः वळून बघितलं. दोनदा बघितलं. मग हसला नाही.

“खाली भट्टीचा पंखा आहे,” तो म्हणाला. “त्याचं काहीतरी असेल.”

“पंखा या टोकाला आहे. तुकडा आहे ते टोक गल्लीवर.”

बेकरीवाल्याने तुकड्याकडे बघितलं. मग त्याने मैद्याची एक गोणी ओढत नेली आणि तुकड्यावर बरोबर मधोमध उभी केली. हात झटकले.

“आता बघ.”

धाकट्याने गोणीकडे तोंड केलं. घूं चालूच राहिली. दोघांनी एकदमच श्वास सोडला. धाकटा जरा उजवीकडे वळला, आणि गोणीपासून वीतभर बाजूला घूं गेली.

कोणी वाट द्यायला एक पाऊल सरकावं, तेवढंच अंतर.

जिन्यावर चपला वाजल्या. बेकरीवाल्याने घाईघाईने गोणी ओढून परत जागेवर ठेवली. वहिनी वर आल्या, दोघांची तोंडं बघितली.

“काय चोरी करून बसलात दोघं?”

“काही नाही वहिनी. नव्या गिटारीत जरा आवाज आहे.”

“आहे तर असू दे,” पदराने घाम टिपत त्या म्हणाल्या. “अगदीच सुनं सुनं झालंय इथे.”

त्या दिवशी गाण्यातल्या थांब्यापर्यंत ते आले आणि तिथेच सोडलं. वहिनी म्हणाल्या, कार्यक्रमातच बघू. धाकटा म्हणाला, मी मनात चार आकडे मोजतो आणि मान हलवतो. दोघांनी बरं म्हटलं. चार आकडे कोणालाच पटले नव्हते, हे तिघांनाही कळत होतं.

गिटार परत द्यायचा विचार धाकट्याने दोन रात्री केला. एकदा खोक्यात घालून दोरीसुद्धा बांधली. मग सोडली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. एवढंच की सहा महिन्यांत पहिल्यांदा डावीकडे बघायची त्याला भीती वाटत नव्हती.

कार्यक्रम रेल्वे कारखान्याच्या कामगारांच्या हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी चारला. उंच खिडक्या, उन्हाचे पट्टे, घडीच्या लोखंडी खुर्च्या, शे-दीडशे माणसं घरच्यांसकट. बेकरीवाल्याने ड्रमबरोबर गालिच्याचा तुकडाही आणला होता. कोणाला न विचारता त्याने तो डावीकडे अंथरला. वहिनींनी बघितलं. एक कोपरा दुमडलेला होता, तो त्यांनी पायाने सरळ केला आणि माइककडे गेल्या.

गाणी चांगली झाली. गिटार खांद्याला जड वाटली नाही. बेस नव्हता त्याची पोकळी जाणवत होती, पण माणसं नाचली, मुलं खुर्च्यांमधून पळाली, एका म्हाताऱ्या फिटरने जुन्या गाण्याची चिठ्ठी पाठवली.

मग शेवटचं गाणं.

थांबा आला आणि सगळं बंद झालं. ठरवल्याप्रमाणे धाकटा समोर बघत होता, डावीकडे नाही. तारांवर तळवा होता. आवाजाचं बटण खाली करायचं होतं, ते राहून गेलं.

हॉलभर फक्त घूं.

एक. दोन.

तीन. लोक हलेनात.

चार. मान हलवायची होती. हलली नाही. मानेत गज घातल्यासारखं झालं. पहिल्या रांगेतल्या एका बाईने टाळीसाठी हात वर आणले. वहिनींची पाठ ताठ झालेली त्याला दिसली.

घूं चालूच.

तो जागचा हलला नव्हता. पाऊलभरही नाही. गिटारही हलली नव्हती.

आणि घूं थांबली.

त्याच्या हाताने तार छेडली. त्याच क्षणी मागून ड्रमवर काठी पडली, त्याच क्षणी वहिनींचा आवाज उठला, तिघांचं मिळून एकच, फट नाही. वर आणलेले त्या बाईचे हात तसेच हवेत राहिले. वहिनींनी अखेरचं कडवं सगळं म्हटलं. शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज जरा भरला, पण सुटला नाही.

टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या.

हॉल रिकामा होत गेला. बेकरीवाला वायरी गुंडाळत जवळ आला.

“काय जमवलंस रे! एवढा वेळ ताणलास, मला वाटलं गेलं आता. मग मान हलवलीस तेव्हा जीवात जीव आला.”

“मी मान हलवली नाही.”

“अरे, मी बघितली ना. हनुवटी. इतकीशी.”

“माझ्याकडे बघत होतास?”

बेकरीवाल्याचा हात वायरीवर थांबला. मग त्याने खाली बघून गुंडाळायला सुरुवात केली, आणि वायरी घेऊन गाडीकडे गेला.

गिटार अजून अँपला जोडलेली होती. धाकट्याने ती गळ्यातून काढायच्या आधी हात तारांवरून उचलला. घूं परत आली होती. तो डावीकडे वळला, गालिच्याच्या तुकड्याकडे.

घूं गेली नाही.

त्याने सावकाश गिरकी घेतली. दार. खिडक्या. मागची भिंत. सगळीकडे घूं. त्याला वाटलं, संपलं. वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं. तो समोर आला.

पहिल्या रांगेत वहिनी एकट्याच बसल्या होत्या, वाकून चपलेचा पट्टा लावत. त्यांच्याकडे तोंड आलं तरी घूं होती. आणखी थोडा वळला. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांची पर्स ठेवलेली होती. तिथे घूं गेली.

वहिनींनी मान वर केली नाही. एका हाताने पट्टा ओढता ओढता दुसऱ्या हाताने त्यांनी पर्स उचलली, मांडीवर घेतली आणि खुर्ची मोकळी केली.